पाटावरचं हत्यार

"आमटीत आज चिंच नाही का?" विलासनं पहिल्याच घासाला विचारलं.

नव्हती. घरात होती नव्हती तेवढी सगळी चिंच मागच्या गॅलरीत एका टबात कोळ करून ठेवली होती आणि त्या कोळात एक लोखंडी चाक बुडालं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, लिंबू पिळून घ्या. त्यानं ताटावरून मान वळवून गॅलरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे विचारलं की त्या चाकाचं जेवण उरकलं असेल तर आपल्याला थोडा भात मिळेल का.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सांगलीत एसटी स्टँडच्या मागं आमचं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान. ते विलास बघायचा. घर आणि गॅलरी मी बघायची. गॅलरीत माझं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे शिलाई मशीनचं जुनं टेबल, त्याला बसवलेला, वस्तू घट्ट धरून ठेवणारा एक वाइस, खिळ्यांना टांगलेले पाने आणि बिस्किटांचे रिकामे डबे. हे सगळं शिकलात कुठं, असं बायका विचारायच्या. कुठंच नाही. लग्नानंतर मिक्सर बिघडला, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत राहिला, म्हणून मी तो उघडला. उघडला तसा तो मला कळला. मग शेजारणींचे मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, एकीनं तर नवऱ्याचं घड्याळ आणून दिलं आणि म्हणाली, जमलं तर नवराही बघा जरा.

ते चाक मात्र मिक्सरचं नव्हतं. ते आण्णांच्या हातड्रिलचं होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत ते धोटे दुरुस्त करायचे. मागावर आडवं सूत पोटात घेऊन या टोकाकडून त्या टोकाला पळतो तो लाकडी धोटा, होडीच्या आकाराचा. सूत बाहेर पडायला त्याच्या कुशीत एक बारीक भोक असतं. ते भोक केसभर जरी तिरकं गेलं तरी सूत तुटत राहतं आणि मागवाला शिव्या देत राहतो. विजेच्या ड्रिलनं लाकूड आतून जळतं आणि त्या जळक्या काठावर सूत कापलं जातं, असं आण्णांचं म्हणणं. म्हणून जन्मभर त्यांनी ते भोक हातानंच पाडलं. हातड्रिल त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून आणलेलं, विलायती बनावटीचं. वरच्या बाजूला छातीला टेकवायची बाकदार पाटी, मधे मोठं दातेरी चाक. चाकाची मूठ फिरवली की त्याचे दात दोन लहान चाकांना फिरवतात आणि खाली चकमध्ये, म्हणजे तोंडाशी असलेल्या पकडीत, धरलेलं भोक पाडायचं बिट फिरायला लागतं. लहानपणी मला वाटायचं, आण्णा त्या यंत्राला मिठी मारून काम करतात.

पुढे बिनधोट्याचे माग आले आणि धोट्यांचं काम आटत गेलं. साखरेनं आण्णांचे डोळे नेले. उजेड आणि अंधार, इतकंच कळायचं. घरामागची शेड बंद झाली आणि हातड्रिल खिळ्याला लटकत राहिलं, नेमकं छप्पर गळायचं त्या ठिकाणी.

त्या वर्षी गौरी-गणपतीला मी माहेरी गेले होते. धाकटा भाऊ प्रल्हादही पुण्याहून आला होता. तो विमा कंपनीत होता, आहेही. बोलण्यात असा गोड की समोरच्याला मरणाची भीती घालूनही हसवत घरी पाठवेल. गौरी जेवल्या, पानं उचलली आणि आण्णांनी आम्हा दोघांना जवळ बोलावलं. म्हणाले, यंदा दसऱ्याला मी हत्यार हातात देणार.

आमच्या घरात याला अर्थ होता. खंडेनवमीला पटाशी, रंधा, करवत, कानस सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं आणि मधोमध हातड्रिल. ते मानाचं हत्यार. एकदा पाटावर बसलं की बायकांनी त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी घरातल्या कर्त्यानं ते उचलायचं, एक भोक पाडायचं, मग पुढच्या वर्षाचं काम सुरू. एका दसऱ्याला आजोबांनी ते स्वतः न उचलता आण्णांच्या हातात दिलं होतं आणि त्या दिवसापासून आण्णा कर्ते झाले होते. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की आजोबांनी त्या दिवशी कुठल्या रंगाचा फेटा बांधला होता तेही आम्हाला पाठ होतं.

प्रल्हाद म्हणाला, "आण्णा, पण ते तर गंजून गच्च झालंय. मूठसुद्धा हलत नाही."

आण्णा म्हणाले, "मेलेलं हत्यार पाटावर मांडत न्हाईत."

मी म्हटलं, मी चालू करते.

आण्णांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं. त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं तरी ते बघत होते. "बघ," ते म्हणाले.

इतकंच. त्या एका शब्दावर मी महिनाभर काय काय बांधलं ते आठवलं की आता हसू येतं. माझ्या मनात लहानपणापासून एक गोष्ट पक्की बसली होती: आण्णांनी मला कधी हत्यार दिलं नाही, कारण मला काय येतं ते त्यांना माहीतच नाही. त्यांनी कधी बघितलंच नाही, मग ते देणार कसं? त्यात त्यांचा काय दोष? आता त्यांना दाखवायचं. मेलेलं हत्यार जिवंत करून त्यांच्या मांडीवर ठेवायचं. मग दसऱ्याच्या सकाळी, सगळ्यांच्या देखत, ते उचलून माझ्या हातात देतील. मला त्या लोखंडाचं काय करायचं होतं? माझ्याकडे विजेचं ड्रिल होतं. मला फक्त ते देणं हवं होतं. विलासला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. उठून त्यानं टबातली चिंच हलवली.

चिंचेनं गंज खाल्ला. चाकाच्या आऱ्यांवर मेणासारखं काळं किटण बसलं होतं, ते सोड्याच्या पाण्यानं निघालं आणि खालून लाल रंग डोकावला, पिकल्या मिरचीसारखा. हा लाल रंग मी जन्मात बघितला नव्हता. कदाचित आण्णांनीही नसेल. पुढं मात्र सगळं अडलं. चक रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, गरम केला, फडकं गुंडाळून पान्यानं पिळला, ढिम्म हलेना. लहान चाकाला अडकवणारी पिन तर बाहेर यायलाच तयार नव्हती. मी ठोकत राहिले. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या की देवघर फोडताय का.

शेवटी मी माहेरी फोन लावला. मला हार मानायची नव्हती, म्हणून आधी आण्णांच्या साखरेची चौकशी केली, पावसाची केली, आणि मग जाता जाता म्हटल्यासारखं म्हटलं की ती पिन जरा नखरे करतेय.

"निमुळती अस्ती ती," आण्णा म्हणाले. "जाड अंगानं मारत आसशील. बारीक अंगानं मार."

फोन ठेवला आणि भिंग लावून बघितलं. खरंच, पिनचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जराशानं बारीक होतं. मी इतके दिवस तिला बाहेर काढायच्या ऐवजी आणखी घट्ट बसवत होते. दुसऱ्या अंगानं एक ठोका दिला आणि ती पिन गॅलरीतून उडून खालच्या काकूंच्या तुळशीत पडली. मला इतका आनंद झाला की तुळशीतून ती शोधताना काकूंनी जे ऐकवलं तेही गोड लागलं. आनंद पिन निघाल्याचा नव्हता. आण्णा मला शिकवत होते. पहिल्यांदाच. प्रल्हादला त्यांनी शाळकरी वयात शेडमध्ये बसवून शिकवायचा खूप प्रयत्न केला होता. तो दर वेळी बोट कापून घ्यायचा आणि आईकडे पळायचा. मला कुणी बसवलं नव्हतं. दुपारी जेवून आण्णा शेडच्या दारातच बाजेवर आडवे व्हायचे, त्यांचं घोरणं सुरू झालं की मी पायांच्या बाजूनं आत शिरायची आणि फुटक्या धोट्यांवर भोकं पाडायची. पाटी माझ्या छातीपर्यंत यायची नाही, म्हणून पोटाला टेकवायची. घोरणं थांबलं की हत्यार खिळ्याला आणि मी स्वयंपाकघरात.

पिन निघाल्यावर दांडी वाइसमध्ये पकडता आली तसा चकही उघडला आणि आतले तीन जबडे मोकळे होऊन माझ्या तळहातावर पडले. त्यांना अलग ठेवणाऱ्या इवल्या स्प्रिंगांचा गंजून भुगा झाला होता. तशा स्प्रिंगा कुठं मिळणार? मी दुकानात गेले, काउंटरवरची बॉलपेनं एकेक उघडून त्यांतल्या स्प्रिंगा काढल्या, हव्या तेवढ्या कापल्या. संध्याकाळी एक मास्तर पेन परत करायला आले. विलासनं त्यांना दुसरं दिलं. तेही तसंच निघालं. मग त्यानं घरी येऊन नुसतं एवढंच विचारलं की आता कोणत्या खात्याचा माल तुला लागणार आहे ते आधी सांग, मी गिऱ्हाइकांना कळवून ठेवतो.

मुठीचं लाकूड मी घासलं नाही. तिच्यावर आण्णांच्या अंगठ्यानं एक खळगा पडला होता, लहान वाटीसारखा. फक्त जवसाचं तेल चोळलं. माझा अंगठा त्या खळग्यात ठेवला तर भोवती जागा उरायची.

सगळं जोडलं आणि मूठ फिरवली. बारीक, एकसारखा, दाणे भरडल्यासारखा आवाज आला. मी किती वेळ नुसतीच फिरवत बसले कोण जाणे. विलास शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मलाही एकदा." त्यानं फिरवलं आणि मान डोलावली. प्रल्हादला फोन केला तर तो मनापासून खूश झाला. म्हणाला, आक्का, तू ग्रेट आहेस. मी घरी बल्ब बदलायचा म्हटलं तरी बायको शेजाऱ्यांना हाक मारते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी एसटीनं इचलकरंजीला गेले, ड्रिल फडक्यात गुंडाळून मांडीवर. विलासला दुकानची पूजा होती. गेल्या गेल्या शेड झाडली, जाळी काढली, भिंतीला चुन्याचा हात दिला. आण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते आणि मी आत काय काय करते ते कानानं बघत होते. ड्रिल मात्र मी त्यांना दाखवलं नाही. ते सकाळसाठी राखून ठेवलं होतं, दसऱ्याच्या.

खंडेनवमीला सकाळी प्रल्हाद गाडी घेऊन एकटाच आला. मुलांची परीक्षा होती. मी रांगोळी काढली, पाट मांडला, पटाशी आणि रंधा पुसून प्रल्हादच्या हातात देत गेले आणि तो पाटावर ठेवत गेला. शेवटी मी फडकं सोडलं. लाल चाक उन्हात झळकलं. मी ड्रिल घेऊन पाटाकडे वाकले तशी आई दारातून म्हणाली, "तू नगं ठेवू. त्याला ठेवू दे."

महिनाभर माझी नखं त्याच्या गंजानं काळी होती. भाताला त्याचा वास येत होता. पण त्या दिवशी माझ्या हातानं त्याला विटाळ झाला असता. मी प्रल्हादकडे दिलं. तो ओशाळला, माझ्याकडे बघून त्यानं भुवई उडवली, लहानपणी आई रागावली की उडवायचा तशी. मला हसू आलं. काही वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. खरा दिवस उद्याचा होता.

दसऱ्याच्या सकाळी मी लग्नातली जांभळी इरकल नेसले. आईनं विचारलं, एवढं काय? मी म्हटलं, सण आहे. शेडमध्ये आण्णांना खुर्चीवर बसवलं. समोर वाइसमध्ये एक जुना धोटा पकडून ठेवला, मुहूर्ताचं भोक पाडायला. प्रल्हादनं झेंडूच्या पाकळ्या झटकून ड्रिल उचललं आणि आण्णांच्या मांडीवर ठेवलं.

आण्णांनी आधी नुसते हात ठेवले. मग एक बोट चाकाच्या दातांवरून हळूहळू फिरवलं, सगळा वळसा पूर्ण होईपर्यंत. पाटी चाचपली. मुठीच्या खळग्यात अंगठा टेकवला आणि तिथं जरा थांबले. मग मूठ फिरवली. तो आवाज आला. मग त्यांनी चक उघडमीट करून बघितला.

"स्प्रिंगा कशाच्या घातल्यास?"

"पेनातल्या," मी म्हटलं.

ते हसले. आवाज न करता, खांदे हलवून. मग त्यांनी हवेत हात पुढं केला. "शैले, हिकडं ये. उभी ऱ्हा माझ्या बाजूला."

मी गेले. पदर खोचलेला होता तो सोडून दोन्ही खांद्यांवरून घेतला. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून ओंजळ केली. आण्णांनी बाजूचा नारळ उचलून माझ्या ओंजळीत ठेवला.

"हे धर जरा," ते म्हणाले. "प्रल्हाद, टोपी घाल. म्होरं ये."

प्रल्हादकडे टोपी नव्हती. घरातून आण्णांची पांढरी टोपी आणायला मीच गेले. मी जवळ होते, मला जागा माहीत होती, आणि एका हातात नारळ होता म्हणून दुसऱ्यानं टोपी घेऊन आले. हे मी का सांगते आहे? कारण त्या क्षणी मला काहीच वाटत नव्हतं. पाय चालत होते.

प्रल्हाद म्हणाला, "आण्णा, हे सगळं आक्कानं केलंय. मी हातसुद्धा लावला नाही."

"ठाऊक हाय मला. घाल टोपी."

त्यानं टोपी घातली. आण्णांनी ड्रिल दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हातात दिलं, नारळ माझ्याकडून घेऊन ड्रिलवर ठेवला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाड भोक."

प्रल्हादनं पाटी छातीला लावली. मूठ जोरात फिरवली तसं बिट धोट्यावरून घसरलं आणि लाकडावर पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्यांदा लावलं, परत घसरलं. तो हसला, म्हणाला आण्णा, पॉलिसी काढायची असेल तर सांगा. आण्णा हसले नाहीत. "शैले, त्याला धर," म्हणाले.

मी मागून त्याच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं पाटी दाबली, प्रल्हादच्या खांद्याशी माझी हनुवटी आली. लहानपणी तापात त्याला असंच धरून बसायची. त्याला म्हटलं, तू नुसती मूठ फिरव, हळू. बिट लाकडात शिरलं. भुसा बारीक पिठासारखा खाली पडायला लागला आणि आवाज एकसारखा झाला. आण्णांनी मान एका बाजूला कलती केली होती. बिट पलीकडून निघायच्या जरा आधी मी दाब सोडला, नाहीतर लाकूड फुटतं. बिट अलगद बाहेर आलं.

"बघ," आण्णा म्हणाले, "शेवटाला दाब सोडला. शैलीचा दाब हाय ह्यो."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"दुपारचा मी झोपायचो व्हय?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं. "नुसता घोरायचो. ऐकत पडायचो, पोरगी काय करती. पयल्यांदा लय घाई. मग जमाय लागलं. मी फुटकं धोटं मुद्दाम राखून ठेवायचो कोपऱ्यात."

प्रल्हाद ड्रिल हातात धरून उभा होता. मला त्यांना एकच विचारायचं होतं आणि मी विचारलं.

"माहीत होतं तर माझ्या हातात का नाही दिलंत, आण्णा?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. डोळे मिचकावले. मग त्यांनी मला अगदी मायेनं समजावलं, लहान पोरीला समजावतात तसं. "तुला द्यायचं म्हंजे विलासरावांच्या घरी जायचं. घरातलं हत्यार घरात ऱ्हायला पायजे का नको? तुझा हात चांगला हाय, लय चांगला. म्हनूनच तर म्हटलं, तुलाच करू दे चालू. दुसऱ्यानं बिघडवलं असतं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? भांडायला निदान समोरच्याला आपलं काही चुकलं असं वाटावं लागतं. इतकी वर्षं मी एका भिंतीला दार समजून ते ठोठावत होते; आत कुणी नाही, ऐकू जात नाही, म्हणून उघडत नाही, असं समजत होते. ते ऐकत होते. सगळं ऐकत होते.

स्वयंपाकघरात आई पुरण वाटत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आमच्याकडच्या बायका मी करतो, मी जातो असं बोलतात. तेवढाच काय तो पुरुषपणा वाट्याला. आई म्हणाली, "हरेक धोट्याच्या भोकात मेण मी भरायचो. लगीन होऊन आल्यापासनं. बोटं भाजायची. मेणाचं डबडं कदी पाटावर बघितलंस तू?" मी नाही म्हटलं. "मग," ती म्हणाली आणि वाटायला लागली. मी तिच्या हातातून वरवंटा घेतला.

संध्याकाळी प्रल्हादनं मला सांगलीला सोडलं. त्याला तिथूनच पुढं पुण्याला जायचं होतं. वाटेत तो खूप बोलला, मुलांबद्दल, बदलीबद्दल, रस्त्यांबद्दल. माझ्या दारात गाडी थांबवून त्यानं मागच्या सीटवरून ड्रिल काढलं.

"आक्का, हे तू ठेव. माझ्याकडं काय, भिंतीला लागणार. मला त्यातलं काय कळतंय?" मग म्हणाला, "आण्णांना फक्त सांगू नको."

त्याचं मन साफ होतं. त्याचं मन नेहमीच साफ असतं. ड्रिल त्याच्या हातात होतं, गेटच्या दिव्याखाली ते लाल चाक दिसत होतं आणि माझे हात अर्ध्यापर्यंत वर आलेही होते. पण आण्णांना न सांगता ते माझ्याकडे आलं असतं तर मी गॅलरीचं दार लावून, त्यांचं घोरणं सुरू आहे ना याचा कानोसा घेत, ते फिरवत बसले असते. पन्नाशीला टेकलेली बाई.

"तुला दिलंय," मी म्हटलं. "ने. पावसाळ्यात फडक्यात गुंडाळून ठेव."

वर गेले. विलासनं दार उघडलं, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि बाजूला झाला. त्या रात्री आमटी त्यानं केली होती. चिंच घालून.

आण्णा पुढच्याच उन्हाळ्यात गेले. शेड पाडून तिथं आता कुणाचं तरी गोडाऊन आहे. ड्रिल प्रल्हादच्या हॉलमध्ये भिंतीला आहे, आल्यागेल्याला तो कौतुकानं दाखवतो, आणि आक्कानं दुरुस्त केलंय हेही दर वेळी न विसरता सांगतो. खंडेनवमीला खाली काढून पाटावर ठेवतो. आण्णांनी सांगितलं होतं तसं.

असंच एकदा नवरात्रात त्याचा फोन आला. म्हणाला, आक्का, चाक जरा जड फिरतंय गं, उद्या पूजा आहे, दोन थेंब तेल सोडावं म्हणतो. पण घरात मशीनचं तेल नाही आणि आता या गर्दीत कुठं बाहेर पडू. स्वयंपाकाचं गोडेतेल घातलं तर चालेल का?

ज्या बाईनं घरात शिलाई मशीन ठेवलंय तिला हे सांगावं लागत नाही. गोडेतेल पहिले काही दिवस लोण्यासारखं फिरतं. मग त्यावर धूळ बसते, त्याचं किटण होतं, डिंकासारखं दातांत आणि जबड्यांत भरतं, आणि वर्षा-दोन वर्षांत सगळं गच्च बसतं. मग ते काढायला कुणाला तरी महिनाभर नखं काळी करून घ्यावी लागतात.

"आक्का, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "चालेल की."